नकाशा झाल्यावर मागितलेली हरकत

पुण्यात नवा रस्ता होणार असल्याची खबर बहुतेकांना जेसीबी येऊन उभा राहिल्यावर लागते. कायद्याच्या हिशेबात मात्र ती कधीच दिलेली असते. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बँकेच्या ताबा नोटिसा आणि नाव बदलल्याच्या जाहिराती यांच्या मधोमध, बारीक टाइपात एक जाहीर निवेदन येऊन गेलेलं असतं. मौजे अमुक, सर्व्हे नंबर तमुक पैकी, इतक्या मीटर रुंदीचा रस्ता, नकाशा कार्यालयीन वेळेत पाहण्यासाठी उपलब्ध, हरकती-सूचना महिन्याभरात लेखी द्याव्यात, मुदतीनंतर आलेल्यांचा विचार केला जाणार नाही. हे वाचून ‘अरे, हा तर आपल्या सोसायटीमागचा ओढा’ असं लक्षात यायला स्वतःचा सर्व्हे नंबर पाठ असावा लागतो. तो फ्लॅटच्या करारनाम्यात असतो आणि करारनामा कर्ज फिटेपर्यंत बँकेत असतो.

मला इथे कुठल्याही एका रस्त्याची वकिली किंवा विरोध करायचा नाही. माझं म्हणणं त्याच्या अलीकडचं आहे. महापालिका नागरिकांना विचारते ते चुकीच्या वेळी आणि चुकीचा प्रश्न विचारते. रेघ मारून झाल्यावर ‘या रेघेला तुमची हरकत आहे का’ असं विचारलं की उत्तरं दोनच मिळतात, हो किंवा नाही. त्यातून भांडण उभं राहतं, रस्ता सुधारत नाही. मुलाकडच्यांनी हॉल बुक केला, पत्रिका वाटल्या आणि मग मुलीला पसंती विचारली, तर ती काय बोलणार? बोललीच तर तिला आडमुठी म्हणतात. पुण्यात हरकत घेणाऱ्याला ‘विकासविरोधी’ म्हणतात, एवढाच फरक.

कायदा काय सांगतो ते आधी पाहू, कारण कायदा तसा वाईट नाही. शहराचा विकास आराखडा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खाली होतो. मंजूर आराखड्यात एखादा रस्ता नव्याने घालायचा, वळवायचा किंवा रुंद करायचा तर कलम ३७ लावतात. त्यात हरकतींसाठी महिन्याची मुदत आहे, बाधितांना नोटीस आहे, सुनावणी आहे आणि शेवटी राज्य सरकारची मंजुरी आहे. दुसरा मार्ग महापालिका अधिनियमाच्या कलम २१० चा. त्याखाली रस्त्याची रेषाच नव्याने ठरवता येते. तिथेही नुसती वर्तमानपत्रातली जाहिरात पुरत नाही. ज्या रस्त्याची रेषा बदलायची त्या रस्त्यावर सूचना लावावी लागते. २०२० साली शहरातले ३२३ लहान रस्ते सहा मीटरचे नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव याच कलमाखाली आला होता. टाळेबंदीचे दिवस, लोक घरात, आणि प्रस्ताव गल्ल्यांचा. त्यावर मोठा गदारोळ झाला. नऊ मीटरचा रस्ता झाला की टीडीआर (जमिनीच्या मोबदल्यात मिळणारा, दुसरीकडे वापरता येणारा जादा बांधकामाचा हक्क) वापरता येतो, म्हणजे रस्ता खरोखर वाहनांसाठी रुंद होतोय की इमारतींसाठी, असा सरळ प्रश्न लोकांनी विचारला. मला तो प्रश्न आजही रास्त वाटतो, आणि त्याचं सरळ उत्तर ‘दोन्हींसाठी’ असं द्यायलाही काही हरकत नव्हती.

तर तरतूद आहे. पण तिचा क्रम पाहा. एखादा जोडरस्ता प्रत्यक्षात कसा येतो? आधी कुणीतरी लोकप्रतिनिधी किंवा अधिकारी म्हणतो की हा ‘मिसिंग लिंक’, म्हणजे जोडायचा राहून गेलेला तुकडा आहे. (मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या खोपोली-कुसगावच्या मिसिंग लिंकमुळे हा शब्द इतका रुळला की आता गल्लीतल्या दोनशे मीटरच्या तुकड्यालाही तेच म्हणतात.) मग अंदाजपत्रकात रक्कम पडते. मग सल्लागार नेमला जातो. सल्लागाराला काम मिळतं ते ‘या रस्त्याचा सविस्तर प्रकल्प अहवाल करा’ असं. ‘या भागातल्या कोंडीवर काय करता येईल ते सांगा’ असं नाही. तो रस्त्याचाच अहवाल करतो, त्याचा दोष नाही. मग आखणी होते, पूर्वगणनपत्रक म्हणजे खर्चाचा अंदाज तयार होतो, काही वेळा निविदासुद्धा निघते. इथवर येईपर्यंत खात्यातल्या चार टेबलांची सही झालेली असते, पुढाऱ्याने फ्लेक्सवर ‘मंजूर’ असं छापलेलं असतं. आणि आता नागरिकाला म्हणायचं, बोला. त्याने कितीही बरोबर मुद्दा काढला तरी तो मान्य करणं म्हणजे या सगळ्यांना माघार घ्यायला लावणं. कुठलाही अधिकारी ते करणार नाही. तुम्ही-आम्ही त्याच्या खुर्चीत असतो तर आपणही केलं नसतं.

बालभारती ते पौड फाटा हे याचं जुनं आणि सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण. सेनापती बापट रस्त्यावरच्या बालभारतीपासून लॉ कॉलेजच्या टेकडीच्या अंगाने पौड फाट्याला उतरणारा हा सुमारे दोन किलोमीटरचा रस्ता दोन दशकांहून जास्त काळ गाजतोय. सभागृहात गाजला, न्यायालयात गेला, तज्ज्ञांपुढे गेला, पुन्हा बाहेर आला. एप्रिल २०२३ मध्ये वेताळ टेकडी वाचवा म्हणत लोक मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले. त्यात पहाटे टेकडी चढणारे आजोबा होते, कॉलेजची मुलं होती, पक्षिनिरीक्षक होते.

रस्त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. संध्याकाळी सहानंतर फिल्म इन्स्टिट्यूटपासून नळ स्टॉपकडे गाडीने जाऊन पाहावं. पहिला गिअर, न्यूट्रल, पहिला गिअर. रिक्षावाला इंजिन बंद करून मीटरकडे पाहत बसलेला. दुचाकी पदपथावर चढलेल्या, आणि पदपथावरून चालणारी बाई भिंतीला पाठ लावून त्या जायची वाट पाहतेय. अँब्युलन्सचा सायरन मागे कुठेतरी वाजतोय आणि कुणाला सरकायला जागाच नाही. कोथरूडहून औंध-बाणेरकडे रोज कामाला जाणाऱ्याला ‘टेकडी वाचवा’ ही गोष्ट बंगल्यातल्या लोकांची हौस वाटली, तर त्याला नावं ठेवता येणार नाहीत.

पण मग एक साधा प्रश्न उरतो. या गर्दीतली किती वाहनं खरोखर पौड फाट्याकडून येऊन सेनापती बापट रस्त्याला किंवा त्यापुढे जाणारी आहेत? किती डेक्कनला वळतात, किती प्रभात रस्त्यात शिरतात, किती तिथल्याच कॉलेजात आणि क्लासला आलेली आहेत? वाहतूक अभियंते याला ओडी सर्व्हे म्हणतात. गाडी निघाली कुठून आणि चालली कुठे याची पाहणी. त्यातला मोठा भाग डेक्कनचा निघाला तर नवा रस्ता त्यांच्या काही कामाचा नाही. मोठा भाग बापट रस्त्याकडचा निघाला तर रस्त्याची बाजू एकदम भक्कम होते. हा आकडा चौकाचौकात फलकावर लावायला हवा. दोन्ही बाजू ज्या तावातावाने भांडतात त्यातलं निम्मं भांडण त्या एका तक्त्याने मिटलं असतं. आणि तो आकडा मेट्रोच्या नंतरचा हवा. हा रस्ता पहिल्यांदा कागदावर आला तेव्हा पौड रस्त्यावर मेट्रो धावत नव्हती. मार्च २०२२ मध्ये वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो सुरू झाली, ऑगस्ट २०२३ मध्ये ती रुबी हॉलपर्यंत गेली. माणसांची ये-जा बदलली असेल किंवा नसेलही, पण ते मोजल्याशिवाय जुन्याच गृहीतकावर नवा काँक्रीटचा रस्ता कसा उभा करणार?

मोजणी न करता बांधलं की काय होतं ते आपण याच भागात पाहिलंय. नळ स्टॉपचा दुमजली पूल, वर मेट्रो आणि खाली वाहनं, मार्च २०२२ मध्ये खुला झाला. चौकातून गाड्या सुटल्या हे खरं. पण पूल जिथे उतरतो तिथे त्या पुन्हा एकमेकींत घुसू लागल्या, आणि काही दिवसांतच पोलिसांना वळणं बदलण्याचे, दुभाजक हलवण्याचे प्रयोग सुरू करावे लागले. कोंडी मेली नाही, तिने पत्ता बदलला. कर्वे रस्त्यावरच्या कुठल्याही जुन्या दुकानदाराला आधी विचारलं असतं तर त्याने गल्ल्यावर बसल्या बसल्या हे सांगितलं असतं, कारण गाड्या कुठून येऊन कुठे घुसतात हे तो रोज बघतो. हे ज्ञान सल्लागाराच्या अहवालात येत नाही. ते फक्त लोकांना विचारून मिळतं, आणि फुकट मिळतं.

विद्यापीठ चौकाची गोष्ट तर आणखी महाग. तिथले उड्डाणपूल जेमतेम दीड दशक वापरून २०२० च्या उन्हाळ्यानंतर पाडले, कारण मेट्रोचे खांब आणि नवा दुमजली पूल त्यांच्यासोबत बसत नव्हते. ते पूल बांधले जात असतानाच त्यांच्या रचनेवर लोक टीका करत होते. पूल कसा उतरावा, बसला कुठे वाव राहील, पुढे काही नवं आलं तर काय, हे प्रश्न तेव्हा कुणी विचारलेच नव्हते असं नाही. ते ऐकून घेण्याची जागा कामाच्या आराखड्यात नव्हती. बांधायचा खर्च, पाडायचा खर्च, पुन्हा बांधायचा खर्च, आणि मधली काही वर्षं गणेशखिंड रस्त्यावर लोकांनी काढलेला वेळ. हा सगळा हिशेब ‘लोकांना विचारत बसायला वेळ कुठे आहे’ असं म्हणणाऱ्यांपुढे मांडावासा वाटतो.

‘विचारत बसलं तर काहीच होणार नाही’ हा युक्तिवाद पुण्यात फार लोकप्रिय आहे. खरंच रस्ते हरकतींमुळे अडतात का? कात्रज-कोंढवा रस्ता घ्या. त्याला कुणाची टेकडी आडवी आली नव्हती, कुठला मोर्चा निघाला नव्हता. सगळ्यांनाच तो हवा होता आणि आजही हवा आहे. त्या उतारावर इतके अपघात झालेत की तिथल्या माणसाला त्याविषयी काही समजावून सांगावं लागत नाही. २०१८ मध्ये गाजावाजा करून काम सुरू झालं. पण जागा ताब्यात नव्हत्या. जागामालकांना टीडीआर नको होता, रोख मोबदला हवा होता. रोख द्यायला महापालिकेकडे पैसे नव्हते. शेवटी ८४ मीटरचा रस्ता ५० मीटरवर आणला, भूसंपादनासाठी राज्याकडे हात पसरावे लागले, आणि वर्षानुवर्षं तो अर्धवट तुकड्यांत पडून राहिला. भूमिपूजनाच्या आधी त्या पट्ट्यातल्या जागामालकांना एका सभागृहात बसवून ‘तुम्हाला काय हवंय’ असं विचारलं असतं, तर रोख रकमेचा मुद्दा पहिल्या तासात टेबलावर आला असता. म्हणजे इथे घोडं अडलं ते न विचारल्यामुळे. उशीर होणारच असेल तर तो कागदावर रेघ मारताना झालेला परवडतो. रेघ खोडरबराने पुसता येते, अर्धवट पुलाचं तसं नसतं.

आणि न झालेल्या रस्त्याचीही किंमत असते. १९८७ च्या आराखड्यात आलेला एचसीएमटीआर हा शहराभोवतीचा सुमारे ३६ किलोमीटरचा वर्तुळाकार मार्ग आठवा. तीन दशकं त्या रेघेखाली लोकांच्या जमिनी, घरं अडकून राहिली. बांधता येईना, विकायला गेलं तर गिऱ्हाईक रेघ बघून मागे फिरे. शेवटी निविदा भरमसाट दराने आल्या आणि सगळं गुंडाळलं गेलं.

हरकतींचा पूर येतो तेव्हा काय होतं, हेही पुण्याने पाहिलंय. जुन्या हद्दीच्या विकास आराखड्याचं प्रारूप २०१३ मध्ये जाहीर झालं, तेव्हा सुमारे ८७ हजार हरकती-सूचना आल्या. प्रत्येकाला तीन मिनिटं द्यायची म्हटली तरी ४,३५० तास होतात. समितीने रोज आठ तास बसायचं ठरवलं तर दीड वर्ष सलग, रविवार-दिवाळी धरून. अर्थातच तसं झालं नाही, होऊ शकत नव्हतं. पुढे मार्च २०१५ मध्ये राज्य सरकारने आराखडाच महापालिकेच्या हातून काढून घेतला आणि जानेवारी २०१७ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. ज्यांनी हरकत दिली त्यांच्यातल्या कितींना ‘तुमचं म्हणणं अमुक कारणाने मान्य केलं’ किंवा ‘तमुक कारणाने फेटाळलं’ असं पत्र आलं? मला तरी असं पत्र जपून ठेवलेला माणूस भेटलेला नाही.

इथे हरकत देणाऱ्यांच्या बाजूचंही थोडं बोललं पाहिजे. व्हॉट्सॲपवर तयार मजकूर फिरतो, खाली नाव-पत्ता टाकायचा, प्रिंट काढायची, गठ्ठा नेऊन द्यायचा. मोहीम म्हणून हे ठीक आहे, वर्तमानपत्रात आकडा छापून येतो. पण अधिकारी अशा गठ्ठ्याची एकच हरकत धरतो, आणि ते चूक नाही. दहा हजार एकसारख्या कागदांपेक्षा ‘पावसाळ्यात आमच्या गल्लीत टेकडीवरचं पाणी कुठून उतरतं’ हे फोटोसकट सांगणारा एक कागद जड असतो. शिवाय टेकडीप्रेमींपैकी बरेच जण पहाटे फिरायला जातात ते कार घेऊन, आणि ती कार पायथ्याच्या अरुंद गल्लीत लावतात. त्या गल्लीत राहणाऱ्या माणसाला कोण जास्त त्रास देतं, हे त्याला विचारलं पाहिजे.

त्याला कुणी विचारत नाही, ही या प्रक्रियेची सगळ्यात मोठी खोट. सुनावणी असते कामाच्या दिवशी, सकाळी अकरा ते पाचच्या दरम्यान, महापालिका भवनात. तिथे येऊ शकतो तो निवृत्त माणूस, वकील किंवा बिल्डरचा आर्किटेक्ट. केळेवाडीतली घरकाम करणारी बाई येऊ शकत नाही, सुतारदऱ्यातला प्लंबर येत नाही, कारण दिवसाचा पगार बुडतो. पीएमपीच्या बसमध्ये लोंबकळत जाणारा येत नाही. पायी चालणारा तर हिशेबातच नसतो, जरी महापालिकेने २०१६ मध्ये मोठ्या अभिमानाने पादचारी धोरण मंजूर केलंय. मग रस्ता कुणासाठी होतो? जो येऊन बोलू शकतो त्याच्यासाठी, किंवा ज्याला यायचीही गरज नसते त्याच्यासाठी.

अशी एक सुनावणी मी जवळून पाहिली आहे. लांब टेबल, पलीकडे तीन अधिकारी, एकाच्या हातात मोबाइल. बाहेर व्हरांड्यात लोक, शिपाई दारातून क्रमांक पुकारतोय. आत गेलेल्या बाईंनी घडी घातलेला नकाशा उलगडला, त्यांच्या घराच्या कंपाउंडवरून रेघ कशी गेली आहे ते बोटाने दाखवू लागल्या. अधिकारी म्हणाले, ‘लेखी दिलंय ना? मग आलं सगळं.’ बाईंनी नकाशाची पुन्हा घडी घातली. रजिस्टरमध्ये त्यांच्या नावापुढे ‘समक्ष ऐकले’ असं लिहिलं गेलं. कायद्याच्या दृष्टीने सुनावणी पूर्ण.

याच्या तुलनेत पर्यावरण परवानगी लागणाऱ्या प्रकल्पांची जनसुनावणी पाहा. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे तीस दिवस आधी जाहीर नोटीस, प्रकल्पाच्या जागेजवळच सभा, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या वतीने वरिष्ठ अधिकारी, संपूर्ण चित्रीकरण, आणि लोकांनी काढलेल्या मुद्द्यांवर प्रकल्पवाल्याचं उत्तर नोंदवणं बंधनकारक. तिथेही फार्स होतात, नाही असं नाही. पण निदान सांगाडा तरी बरा आहे. शहरातल्या जोडरस्त्याला ही परवानगी लागत नाही, त्यामुळे ही सुनावणीही नाही. डोंगराच्या पायथ्याशी खाण सुरू करायची तर लोकांना चित्रीकरणासह ऐकायचं आणि डोंगरातून रस्ता काढायचा तर ‘लेखी दिलंय ना’ एवढ्यावर भागवायचं, हे मला पटत नाही. झाडांचं तर विचारूच नका. झाड तोडायच्या नोटिशीवर हरकतीला सात दिवस. खोडाला चिकटवलेला तो कागद पहिल्या पावसात लगदा होऊन खाली पडतो, आणि आपण त्या झाडाखालून रोज जात असतो.

गेल्या काही वर्षांत यात आणखी एक भर पडली, जिच्याविषयी पुरेसं बोललं गेलं नाही. १४ मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ ची निवडणूक होईपर्यंत जवळपास चार वर्षं शहर प्रशासकाच्या हाती होतं. म्हणजे प्रस्ताव ठेवणारे आयुक्त, स्थायी समिती म्हणून तो मंजूर करणारेही तेच आणि सर्वसाधारण सभा म्हणून शिक्कामोर्तब करणारेही तेच. व्यक्ती कितीही चांगली असो, स्वतःच्याच प्रस्तावावरची हरकत स्वतःच ऐकून स्वतःच निकाल देणं याला सुनावणी म्हणता येत नाही. नगरसेवकांच्या नावाने आपण कितीही बोटं मोडली तरी सभागृहात कुणीतरी उठून ‘माझ्या प्रभागात हे चालणार नाही’ असं ओरडतं, तेही एक प्रकारचं ऐकून घेणंच असतं. या काळात मंजूर झालेल्या रस्त्यांचे प्रस्ताव नव्या सभागृहाने निदान एकदा उघडून पाहायला हवेत. सगळे रद्द करा असं मी म्हणत नाही. उघडून पाहा, एवढंच.

मग करायचं काय? आकाशातून काही आणायची गरज नाही. पुण्यातच २००६-०७ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं सुचवून घेण्याची पद्धत आहे. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायचा, पदपथ सुचवायचा, बाक सुचवायचा. बाकासाठी आधी विचारता येतं तर शेकडो कोटींच्या रस्त्यासाठी का नाही? २००९ पासून महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आहे, म्हणजे मतदान केंद्राच्या पातळीवर लोकांनी जमून बोलायची जागा. ती कागदावरच राहिली. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये तर स्पष्ट लिहिलंय की लोकांवर परिणाम करणारे महत्त्वाचे निर्णय जाहीर करताना त्यासंबंधीची सगळी तथ्यं स्वतःहून प्रसिद्ध करावीत आणि बाधितांना निर्णयाची कारणं द्यावीत. हा कायदा २००५ चा. म्हणजे ‘हरकत का फेटाळली ते सांगा’ ही मागणी नवी नाही, ती वीस वर्षं जुनी थकबाकी आहे.

माझ्या मते खरी गरज आहे ती सल्लागार नेमण्याआधीच्या एका टप्प्याची. कोंडी कुठे आहे, कुणाची आहे, गाड्या कुठून कुठे जातात, हे आधी मांडायचं. मग तीन-चार पर्याय ठेवायचे, त्यात ‘काहीच न बांधता सिग्नल, पार्किंग आणि बस सुधारणे’ हाही एक, प्रत्येकाचा खर्च शेजारी लिहून. रस्त्याच्या दोन्ही टोकांना सभा घ्यायची, संध्याकाळी सातनंतर. बालभारतीच्या बाजूला आणि पौड फाट्याच्या बाजूला, कारण दोन्हीकडचे लोक वेगळं सांगतील. बसथांब्यांवर आणि मेट्रोच्या जिन्याशी माणसं उभी करून विचारायचं. आणि मग जो पर्याय निवडला जाईल त्याचा नकाशा कलम ३७ ला जाऊ दे. तोवर हरकती कमी झालेल्या असतील, आणि ज्या येतील त्या कामाच्या असतील. अशा प्रक्रियेतून उद्या बालभारतीचा रस्ता व्हायलाच हवा असं निघालं, तर टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांनी ते मान्य करावं लागेल. आणि नको असं निघालं तर फ्लेक्स लावून बसलेल्यांनीही. दोघांपैकी कुणाचीच याला आज तयारी दिसत नाही, हेही खरं.

महापालिका हे उद्यापासून सुरू करेल अशा भ्रमात मी नाही. तोवर हरकत आहे त्याच पद्धतीने द्यावी लागणार, तर ती नीट द्यावी. करारनामा किंवा मिळकतकराची पावती काढून सर्व्हे नंबर लिहून ठेवा. नकाशा प्रत्यक्ष जाऊन पाहा. संकेतस्थळावरची प्रत बहुतेक वेळा इतकी अस्पष्ट असते की रेघ ओढ्यावर आहे की घरावर ते कळत नाही. माहिती अधिकारात कागद प्रत्यक्ष पाहायचा हक्क आहे, तो वापरून वाहतुकीची मोजणी केली होती का, कधी आणि कोणत्या वाराला, ते बघा. हरकतीत भावना कमी आणि फोटो, तारखा, ठिकाणं जास्त असू द्या. एका कागदावर एकच मुद्दा लिहा, म्हणजे उत्तर टाळता येणार नाही. नुसतं ‘विरोध आहे’ असं लिहू नका, तुमचा पर्याय लिहा, अगदी हाताने काढलेल्या नकाशासकट. ‘मला प्रत्यक्ष सुनावणी हवी आहे’ हे वाक्य वेगळ्या ओळीत येऊ द्या. आणि आवक खिडकीवर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका. जेवणाची सुट्टी दीड ते दोन म्हणतात, पण खिडकी सव्वाला बंद झालेली असते.